हेतलच्या कानामागची नारिंगी नळी

मित्रांनो, मी एक जुनी नळी आहे. पाण्याच्या नळाला लावतात ती नव्हे, आणि गॅसच्या शेगडीला जोडतात तीही नव्हे. मी पेनातल्या रिफिलएवढी बारीक आणि कानाच्या पाळीसारखी मऊ आहे. मी सुरतेत डिंडोलीला राहते असं म्हणायला हरकत नाही, पण माझं खरं घर म्हणजे हेतल पाटील नावाची एक मुलगी. ती महानगरपालिकेच्या मराठी शाळेत तिसरीत शिकते. माझं वरचं टोक तिच्या डोक्यात आहे. तिथून मी कातडीखालून कानामागे येते, मानेवरून आणि छातीवरून खाली उतरते आणि पोटात जाऊन थांबते. डॉक्टर मला शंट म्हणतात.

मला तिच्या अंगात बसवलं त्या दिवसानंतर कोणीही मला पाहिलेलं नाही. तरी माझी गोष्ट मी मान ताठ ठेवून सांगणार आहे. ऐकल्यावर तुम्हीच ठरवा, मला अभिमान वाटतो तो बरोबर की चूक.

आधी माझं काम सांगते. तुमच्या सगळ्यांच्या मेंदूत स्वच्छ, नितळ पाणी तयार होत असतं. त्या पाण्यात मेंदू अलगद तरंगतो, म्हणून तुम्ही धावलात, पडलात तरी त्याला सहसा धक्का लागत नाही. रोज नवं पाणी तयार होतं आणि जुनं जिरून जातं. पण काही बाळांमध्ये ही जिरण्याची वाट अडलेली असते. मग पाणी साचत जातं, बाळाचं डोकं मोठं होऊ लागतं, आणि आतला मेंदू दाबला जातो. अशा वेळी ते जास्तीचं पाणी कोणीतरी वाहून न्यावं लागतं. ते मी नेते. माझ्या वाटेत, कानामागे, एक छोटी झडप आहे. डोक्यात दाब वाढला की ती उघडते, आणि पाणी माझ्यातून खाली पोटात जातं. तिथे ते आपोआप जिरतं.

माझा जन्म एका फार स्वच्छ कारखान्यात झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली असत, फक्त त्यांचे डोळे दिसत. मी जन्मले तेव्हा बाकीच्या नळ्यांसारखीच पांढरट होते. मग मला एका नारिंगी पाण्यात भिजत ठेवलं. त्या पाण्यात जंतूंना मारणारी दोन औषधं विरघळवलेली होती. भिजता भिजता मी फुगले आणि औषध माझ्या अंगात शिरलं. नंतर मला वाळवलं. फुगवटा गेला, पण औषध आतच राहिलं, आणि त्याचा रंगही. मी नारिंगी झाले. पांढऱ्या नळ्यांच्या शेजारी मला ठेवलं तेव्हा मी उठून दिसत होते, आणि खरं सांगते, मला ते आवडलं होतं.

तिथून मी दुहेरी पाकिटात बंद होऊन सुरतेच्या एका मोठ्या दवाखान्यात आले आणि कपाटात पडून राहिले. कपाटाचं दार उघडलं की वाटे, आता आपला नंबर. पण हात दुसऱ्याच कशाला तरी लागे आणि दार बंद होई. ज्या कामासाठी आपल्याला घडवलं ते करायला मिळत नाही, याचं दुःख काय असतं ते मला तिथे कळलं.

तेव्हा हेतल जेमतेम मान धरू लागलेली होती. तिचे वडील हिलाल कडोदऱ्याला पॉवरलूमवर काम करतात. आई रंजना घरी बसून साड्यांना खडे चिकटवते. मूळचं गाव अमळनेरकडचं, पण हेतल सुरतेची. शेजारच्या गुजराती बाईंनी तिचं नाव सुचवलं आणि तेच पडलं. हेतलच्या जन्मानंतर काही आठवड्यांतच आजीच्या लक्षात आलं की टोपडं घट्ट होतंय. आजीचं नाव धुरपदाबाई. टोपडी तीच शिवत असे, म्हणून तिला ते पहिल्यांदा कळलं. मग दवाखाना, तपासण्या आणि पहिलं ऑपरेशन झालं. हेतलच्या अंगात एक पांढरी नळी बसली.

त्या पांढऱ्या नळीविषयी मी कधीच वाईट बोलणार नाही. तिनं तिचं काम चोख केलं. तिच्यामुळे हेतलच्या डोळ्यांवरचा ताण उतरला, आणि ती आईकडे पाहून हसू लागली. पण काही आठवडे गेले आणि तिला ताप आला. टाक्यांपाशी कातडी लाल झाली. ती दूध घेईना, आणि उचललं तरी कळवळून रडू लागली. नळीवर जंतूंनी ठाण मांडलं होतं.

हे जंतू कुठून येतात ठाऊक आहे? बहुतेक वेळा आपल्याच कातडीवरून. तिथे ते कायम असतात आणि कोणाला त्रास देत नाहीत. पण ऑपरेशनच्या वेळी त्यातले मूठभर जरी नळीवर बसले, तरी ते तिथे चिकट थर करून राहतात. त्या थराखाली औषध नीट पोचत नाही. बाहेरून कितीही औषध दिलं तरी नळी काढल्याशिवाय ते बहुधा जात नाहीत. हेतलची पांढरी नळी काढावी लागली. डोक्यातलं पाणी बाहेरच्या पिशवीत उतरवणारी एक तात्पुरती नळी लावली, आणि हातातल्या सुईतून औषध सुरू झालं.

दिवस जात होते. पाणी हळूहळू स्वच्छ होत होतं. एका सकाळी डॉ. देसाईंनी हेतलच्या घरच्यांना सांगितलं की आता नवी नळी बसवायची वेळ आली आहे. डॉ. देसाई म्हणजे मेंदूची ऑपरेशनं करणाऱ्या बाई. त्या गुजरातीत बोलत, हिलाल हिंदीत उत्तर देई आणि रंजना मराठीत. पण कोणाचं कोणाला कळलं नाही असं कधी झालं नाही.

त्या दिवशी मात्र हिलालनं नाही म्हटलं. दुसरी नळी नको, मुलीला घेऊन आम्ही गावाला जातो, उधन्याहून गाडी आहे, असं त्याने सांगितलं. पोरीनं एवढं सोसलं ते पुन्हा तिच्या वाट्याला आणायचं नाही, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. आजीचाही त्याला दुजोरा होता. ती शिकलेली नव्हती, पण तिचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. ती म्हणाली, "पायमा काटा राहिना ते पू व्हस. डोकामा नळी ठेवी ते काय व्हई?"

रंजनानं मॅडमना त्याचा अर्थ सांगितला: पायात काटा राहिला तरी पू होतो, मग डोक्यात नळी ठेवल्यावर काय होईल?

मॅडम रागावल्या नाहीत. आजी म्हणतात ते खरं आहे, बाहेरची वस्तू शरीरात असली की जंतूंना बसायला जागा मिळते, असं त्या म्हणाल्या. मग त्या उठून गेल्या, आणि मित्रांनो, माझ्या कपाटाचं दार उघडलं. या वेळी हात माझ्याच पाकिटावर पडला.

असं मी पहिल्यांदा त्या घरच्या माणसांना पाहिलं. खिडकीशी खाट होती. खाटेवर एवढीशी हेतल, डोक्याला पट्टी, बाजूला लटकलेली पिशवी. रंजना तिच्या तळव्यावर बोट ठेवून बसली होती, आणि हेतलनं ते बोट घट्ट धरलं होतं. हिलाल भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या केसांत अजून सुताचे तंतू अडकलेले होते.

मॅडमनी मला पारदर्शक पाकिटातूनच त्याला दाखवलं. या नळीत जंतूंना मारणारं औषध आहे, म्हणून हिचा रंग असा, असं त्यांनी सांगितलं.

हिलालनं पाकीट हातात घेतलं आणि उजेडाकडे धरलं. कापड पारखताना धरावं तसं. बराच वेळ त्याने मला पाहिलं.

"रंग वरून मारलाय की आत मुरलाय?" त्याने विचारलं.

"आत मुरलाय, हिलालभाई. आरपार."

वरून मारलेला रंग आणि सुतातच मुरलेला रंग यांतला फरक त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याचं आयुष्य त्यातच गेलं होतं. पण त्याची शंका तेवढ्यानं फिटली नाही. त्याने विचारलं, मुरलेला रंगही धुऊन धुऊन उतरतोच की. हिचं औषध संपलं, मग काय?

मॅडम म्हणाल्या, संपतंच. ते हळूहळू बाहेर येतं, तेच त्याचं काम. पण जंतूंनी शिरण्याचा खरा धोका ऑपरेशनच्या वेळी आणि नंतरच्या काही आठवड्यांतच सर्वांत जास्त असतो. तेवढे दिवस ते पुरतं. तोवर जखमा भरून येतात, कातडीचं दार बंद होतं. मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती ऐकून मी पाकिटातल्या पाकिटात थोडी खट्टू झाले. त्या म्हणाल्या, "ही नळी बसवली म्हणजे जंतू होणारच नाहीत, असं वचन मी देणार नाही. काही जंतूंवर हिचं औषध चालत नाही. पण साध्या नळीपेक्षा हिच्यात धोका कमी, एवढं मी खात्रीनं सांगते."

हिलालनं पाकीट परत दिलं. त्याचा आणि आजीचाही निर्णय बदललेला दिसत नव्हता.

तेव्हा रंजना बोलली. इतके दिवस ती कोणाच्याच बाजूनं बोलली नव्हती. तिनं हेतलकडेच पाहत म्हटलं, "पहिली नळी होती तेव्हा ही हसायला लागली होती. नळीनं आजारी नाही पाडलं हिला, जंतूंनी पाडलं. मला नळी पाहिजे. जंतू नकोत."

मग हिलालनं हेतलच्या पायांवरचं दुपटं नीट केलं आणि ऑपरेशन कधी करणार, असं मॅडमना विचारलं.

ऑपरेशन सकाळी सर्वांत पहिलं ठेवलं होतं, कारण त्या वेळी ऑपरेशनची खोली अगदी स्वच्छ असते. मालती सिस्टर दारावर लक्ष ठेवून होत्या. त्या मूळच्या अमरावतीकडच्या. ऑपरेशन चालू असताना कोणी उगाच आत आलं, तर त्या नुसत्या डोळ्यांनी त्याला परत पाठवत. आत मोजकीच माणसं होती. हेतलची कातडी डोक्यापासून पोटापर्यंत औषधानं पुसली होती. मला मात्र अजून पाकिटातून काढलं नव्हतं. मी मनात म्हणत होते, एवढी तयारी कशाला, मी आले आहे ना.

शेवटी माझी वेळ आली. मला उघडायच्या आधी देसाई मॅडमनी सांगितलं की सगळ्यांनी एकावर एक घातलेल्या दोन जोड्यांतले वरचे हातमोजे बदला. मदतीला योगेश नावाचे तरुण डॉक्टर होते. ते सुरतेत शिकायला आलेले. त्यांनी सहज विचारलं की नळीतच औषध आहे, तर हातमोजे बदलायची तशी काय गरज?

"औषध नळीत आहे, योगेश. हातमोज्यांत नाही," मॅडम म्हणाल्या. "आपल्या ढिलाईवर पांघरूण घालायला ही नळी आणलेली नाही."

योगेश डॉक्टरांनी लगेच हातमोजे बदलले. आणि मित्रांनो, मलाही काहीतरी कळलं. मी स्वतःला एकटीच शूर समजत होते. पण त्या खोलीतले सगळे हात, बंद दार, पहाटेपासून पुसून ठेवलेली ती जमीन, हे सगळे माझ्याच बाजूनं लढत होते. मी त्यांच्यातली एक होते. त्यानं माझा अभिमान कमी झाला नाही, उलट वाढला. अशा माणसांच्या रांगेत आपल्याला उभं राहायला मिळालं, असं वाटलं.

मला कोणी टेबलावर ठेवलं नाही, हेतलच्या कातडीला टेकू दिलं नाही. पाकिटातून निघाले ती थेट मॅडमच्या हातात. त्यांनी माझं वरचं टोक हळूच आत सरकवलं, आणि नितळ पाण्याचा पहिला थेंब माझ्यातून वाहिला. तो क्षण मी विसरणार नाही. खालच्या बाजूची माझी बरीच लांबी त्यांनी हेतलच्या पोटात वेटोळं करून ठेवली. मूल वाढेल तशी ही उलगडत जाईल, असं त्यांनी योगेश डॉक्टरांना सांगितलं. मग टाके पडले आणि माझ्यासाठी उजेड कायमचा बंद झाला.

तेव्हापासून मी फक्त ऐकते. पण मी कानामागेच राहते, म्हणून मला सगळं ऐकू येतं, आणि न दिसलेलं घरच्यांच्या बोलण्यातून कळतं.

घरी आल्यावर रंजनानं नियम केला: हात धुतल्याशिवाय कोणी पोरीला घ्यायचं नाही. मग तो कामावरून आलेला बाप असो की कौतुकानं आलेली शेजारीण. काहींना राग आला. रंजनानं तो येऊ दिला. आजी तर दारातच साबण आणि तांब्या घेऊन बसे. इकडे आतमध्ये मीही माझं काम करत होते. जे काही चुकार जंतू ऑपरेशनच्या वेळी माझ्यापर्यंत आले असतील, त्यांना बूड टेकवायला मी जागा दिली नाही. ही लढाई कोणाला दिसली नाही. ती दिसत नाही, हेच तिचं यश.

आणि मग एका दुपारी हेतलला ताप आला. आधी थंडी वाजून आली, मग अंग भाजू लागलं, मग उलटी. रंजना थांबली नाही. ताप, उलटी, सुस्ती, नळीवरची लाली, यातलं काहीही दिसलं तरी थेट दवाखान्यात यायचं, असं तिला सांगितलेलं होतं. तिनं पोरीला छातीशी धरलं, आजीला बरोबर घेतलं आणि रिक्षा केली. हिलालला फोन गेला. तो लूम तसाच सोडून कडोदऱ्याहून निघाला.

तो आला आणि दारातच म्हणाला, "पुन्हा तेच झालं ना?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण मला बोलता कुठे येतं? मला ठाऊक होतं की माझ्या अंगावर एकही जंतू चिकटलेला नाही. पण जे आपल्याला ठाऊक आहे ते लोकांना पटेपर्यंत थांबावं लागतं. ते थांबणं मला फार जड गेलं.

देसाई मॅडमनी टाके तपासले. लाली नव्हती. पोट मऊ होतं. तरी त्यांनी अंदाजावर सोडलं नाही. त्यांनी तपासायला रक्त पाठवलं, आणि माझ्या झडपेवरची कातडी नीट स्वच्छ करून बारीक सुईनं थोडं पाणी काढून तेही पाठवलं. त्यात जंतू वाढतात का, हे कळायला काही दिवस लागणार होते.

रक्ताचा निकाल आधी आला. हेतलला मलेरिया झाला होता. त्याच गल्लीतली आणखी काही मुलं त्याच आठवड्यात तापानं आजारी होती. लगेच औषध सुरू झालं आणि ताप उतरू लागला. तरी हिलालचा जीव थाऱ्यावर नव्हता. पाण्याचा निकाल येईपर्यंत तो कामावर गेला नाही. खाटेजवळच्या बाकावर बसून राहिला.

मग मॅडम आल्या. "पाण्यात काहीच वाढलेलं नाही," त्या म्हणाल्या. "अगदी स्वच्छ आहे."

हिलालनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रंजनानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. आजीनं मात्र पुन्हा विचारून खात्री करून घेतली, "मंग नळी ऱ्हाऊ देतस?"

नळी राहू द्यायची, आजी, असं मॅडमनी सांगितलं. तेव्हा त्या म्हातारीनं काय केलं असेल? तिनं वाकून हेतलच्या कानामागे, बरोबर माझ्यावर, आपले ओठ टेकवले. ज्या काट्याला तिनं नको म्हटलं होतं, त्याचा तिनं मुका घेतला. मित्रांनो, मला आजवर कोणी पदक दिलेलं नाही, पण त्यानंतर मला पदकाची गरजही वाटली नाही.

घरी गेल्यावर आजीनं आधी मच्छरदाणी आणवली.

पुढची वर्षं शांततेची. औषध माझ्यातून झिरपत झिरपत संपलं. माझा नारिंगी रंगही बहुधा फिका पडला असेल, आत अंधार असल्यामुळे मला नक्की सांगता येत नाही. आता मी साधी नळी आहे. सुरुवातीला त्याचं वाईट वाटलं. ज्या गुणामुळे आपल्याला निवडलं, तोच संपला. पण पाणी वाहून न्यायचं काम संपलेलं नव्हतं. ते मी करत राहिले. हेतल रांगू लागली, उभी राहिली, पहिलं पाऊल टाकलं, तेव्हा पोटातलं माझं वेटोळं थोडं थोडं सुटत गेलं. ती उंच झाली तशी मी सरळ होत गेले. असं भाग्य कोणत्या नळीला लाभतं?

ती बोलायला लागली ती तीन भाषांत. आजीशी अहिराणी, शाळेत मराठी आणि गल्लीत गुजराती. नवरात्रात ती गरब्यात इतक्या गिरक्या घेते की माझी झडप गरगरते. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, ती गच्चीवर पतंगाची फिरकी धरते. वेणी घालताना आजी अजूनही कंगवा माझ्या बाजूनं वळवून नेते, पण बाकी कोणाला माझी आठवण नसते. वर्षातून एकदा मॅडम तपासतात आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगतात. झालं. पुन्हा वर्षभर माझं नाव निघत नाही. कधी कधी थोडं एकटं वाटतं, हे मी लपवणार नाही.

पण यंदाच्या तपासणीच्या दिवशी एक गोष्ट घडली. दवाखान्याच्या बाकावर आमच्या शेजारी वैशाली नावाची एक तरुण आई बसली होती. ती हिंगोलीकडची. तिचा नवरा इच्छापोरच्या एका कारखान्यात कामाला आहे. तिच्या मांडीवर तान्हं बाळ होतं, आणि त्याच्या डोक्यातही पाणी साचलं होतं. डॉक्टरांनी नळी बसवायला सांगितली होती. वैशाली रडत नव्हती, पण तिचा आवाज पार कोरडा पडला होता. ती रंजनाला म्हणाली की मी बाळाला घेऊन परत जाणार, डोक्यात नळी घालून लेकराचं पुढं कसं व्हायचं?

रंजना काही सांगणार, त्याआधी आजी बोलली. तिच्याशी बोलताना आजीनं आपली अहिराणी थोडी बाजूला ठेवली. "मी बी नकोच म्हनत होती, बाई. ही पाहा माझी नात."

मग तिनं हेतलला पुढे ओढलं, तिची वेणी बाजूला केली आणि वैशालीला सांगितलं की हात लावून बघ. पण आधी हात धू. आता कातडीवरून हात लावल्यानं माझं काहीच बिघडत नाही, पण आजीपुढे कोण बोलणार? वैशालीनं बाळाला रंजनाकडे दिलं आणि ती नळावर जाऊन हात धुऊन आली.

तिचं बोट हेतलच्या कानामागे टेकलं. ओलं, गार बोट होतं ते. ते माझ्यावरून हळूहळू मानेपर्यंत खाली आलं. मी जितकी ताठ राहता येईल तितकी राहिले.

"दुखतं का गं?" वैशालीनं विचारलं.

हेतलला कंटाळा आला होता. शाळेत त्या दिवशी खो-खोची निवड होती आणि तिला लवकर जायचं होतं.

"नाही ओ," ती म्हणाली. "ती आहे हेच माझ्या ध्यानात राहत नाही."

वैशालीचं बोट तिथेच थांबलं. मग तिनं बाळाला परत घेतलं, पदरानं त्याचं डोकं झाकलं आणि देसाई मॅडमच्या खोलीत गेली. पुढे मालती सिस्टरनी फोनवर रंजनाला सांगितलं की त्या बाळाला नारिंगी नळी बसली. जखमा छान भरल्या आणि वैशाली बाळाला घेऊन घरी गेली. रंजनानं ते घरात सांगितलं तेव्हा हेतल माझ्याच बाजूच्या कुशीवर झोपून गृहपाठ करत होती, त्यामुळे मलाही नीट ऐकू आलं.

मित्रांनो, आता तुम्हाला एकच मागणं आहे. घरात तान्हं बाळ असेल, आजारी माणूस असेल, तर हात धुऊनच जवळ जा. माझ्यासारख्या औषध भरलेल्या कितीही नळ्या निघाल्या तरी स्वच्छ हातांची जागा कोणी घेऊ शकत नाही, हे मी स्वतः औषधानं भरलेली असताना शिकले आहे. तुमच्या वर्गात एखाद्याच्या कानामागे अशी नळी असेल, तर त्याला घाबरू नका, चिडवू नका, खेळात घ्या. त्याचं डोकं फार दुखू लागलं, उलट्या झाल्या, तो सुस्तावला किंवा त्याला ताप आला, तर वाट न बघता मोठ्यांना सांगा. एवढं केलंत की मग मला खुशाल विसरा. हेतल मला विसरून खो-खोच्या मैदानात धावते आहे, आणि तिच्यासोबत मीही धावते आहे.